पिरॅमिडमधला खासदार

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात ब्रायटलिंग नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या चर्चच्या आवारात, साध्यासुध्या थडग्यांच्या गर्दीत, पंचवीस फूट उंचीचा दगडी पिरॅमिड उभा आहे. पिढ्यान्‌पिढ्या गावकरी सांगत आले की त्याच्या पोटात एक अगडबंब जमीनदार लोखंडी खुर्चीवर ताठ बसलेला आहे. अंगात मेजवानीचा पोशाख, डोक्यावर उंच टोपी. समोर टेबल, टेबलावर भाजलेली कोंबडी आणि लाल वाइनची बाटली. जमिनीवर फुटक्या काचांचा सडा. सैतान न्यायला आलाच तर त्याचे तळपाय चिरले जावेत, ही त्यामागची योजना.

१९८२ साली डागडुजीसाठी पिरॅमिड उघडला, तर आत ना खुर्ची, ना कोंबडी, ना काचा. मालकाला चारचौघांसारखं फरशीखाली पुरलेलं होतं. आतल्या भिंतीवर थॉमस ग्रे या कवीच्या गाजलेल्या शोकगीतातलं एक कडवं कोरलेलं आहे: कुळाचा तोरा, सत्तेचा डामडौल, रूप, पैसा, कुणालाच ती घटका चुकत नाही आणि कीर्तीच्या वाटा थडग्याशीच जाऊन थांबतात, अशा अर्थाचं. म्हणजे गोष्ट खोटी ठरली. पण गोष्टीच्या केसालाही धक्का लागला नाही. अजूनही या माणसाचं नाव निघालं की लोक कोंबडीपासूनच सुरुवात करतात. मीही केलीच की!

त्याचं नाव जॉन फुलर. जन्म १७५७, मृत्यू १८३४. जग त्याला ‘मॅड जॅक’ म्हणतं. त्याला स्वतःला ‘ऑनेस्ट जॅक’ म्हणवून घ्यायला आवडे. वजन बावीस स्टोन, म्हणजे आपल्या हिशोबानं एकशे चाळीस किलोच्या आसपास. लग्न झालं नाही. १७९० मध्ये त्यानं हेस्टर थ्रेल या बाईंच्या मुलीला, सुझॅनाला मागणी घातली होती, तिनं नकार दिला. पुन्हा तो कुणाच्या दारी गेल्याचं दिसत नाही.

मी मात्र या गृहस्थापर्यंत शास्त्रज्ञ फॅरेडेच्या वाटेनं पोचले. सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्यात पुढेमागे सरकवलेला चुंबक, गॅल्व्हनोमीटरचा काटा थरथरला की बाकांवर उभी राहणारी पोरं. त्या फॅरेडेच्या नावापुढे ‘फुलेरियन प्राध्यापक’ असं बिरुद लागायचं. हा फुलर कोण, असं कुणा विद्यार्थ्यानं कधी विचारलं नाही, म्हणून मीही शोधलं नाही. निवृत्तीनंतर भाच्याकडे हेस्टिंग्जला गेले, तेव्हा कळलं की त्या फुलरचं गाव तिथून गाडीनं अगदी जवळ आहे. मग राहवेना.

फुलर घराणं मूळचं लोखंडवाल्यांचं. ससेक्सच्या त्या झाडीभरल्या टापूला वील्ड म्हणतात. जमिनीत लोहखनिज, वर कोळसा पाडायला जंगल, भाते आणि घण चालवायला ओढ्यांचं पाणी, सगळं हाताशी. हीथफील्डच्या भट्टीत फुलरांनी सरकारसाठी तोफा ओतल्या आणि त्यावर माया जमवली. घराण्याचं लॅटिन ब्रीद होतं ‘कार्बोने एत फोर्सिपिबुस’, कोळशानं आणि सांडशीनं. बड्या घराण्यांच्या ढालींवर सिंह, गरुड आणि शौर्याच्या बाता असतात, तिथं हे सांडशीचं ब्रीद मला मनापासून आवडलं. आपण कुठून आलो हे लपवलं नाही, असं वाटलं. तेवढ्यापुरतं.

कारण लोखंडावर नंतर साखर चढली. जॅकच्या आजोबांनी एलिझाबेथ रोझ हिच्याशी लग्न केलं. तिचे वडील फुल्क रोझ हे जमैकात गेलेले डॉक्टर आणि मळेमालक. ते वारल्यावर त्यांच्या विधवेनं दुसरं लग्न केलं हान्स स्लोन यांच्याशी. ज्यांच्या संग्रहातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं, तेच. एका लग्नानं फुलरांच्या घरात ऊसमळे आले, त्या मळ्यांवर राबणारी आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं मालमत्ता म्हणून आली, आणि लंडनच्या विद्वानांमध्ये सोयरीकही झाली. वील्डच्या भट्ट्या अठराव्या शतकात एकेक करून थंड पडल्या, कारण उत्तरेकडे दगडी कोळशावर लोखंड स्वस्त पडू लागलं. साखर मात्र चालूच राहिली.

जॅकचे दोन काका त्याच्याइतके विनोदी नाहीत, म्हणून त्यांच्या दंतकथा नाहीत. पण मला ते जास्त महत्त्वाचे वाटतात. थोरला रोझ फुलर जमैकात राहून तिथला मुख्य न्यायाधीश झाला, मग इंग्लंडला परतून खासदार. अमेरिकेत बोस्टनच्या बंदरात करविरोधकांनी चहाची खोकी बुडवली ती १७७३ च्या डिसेंबरात. पुढच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या चहावरचा कर रद्द करावा अशी सूचना ब्रिटिश संसदेत मांडली ती याच रोझ फुलरनं. खासदार एडमंड बर्कचं अमेरिकन करआकारणीवरचं विख्यात भाषण त्याच सूचनेच्या पाठिंब्याचं. दुसरा काका स्टीफन हा लंडनमध्ये जमैकाच्या मळेवाल्यांचा अधिकृत वकील म्हणून तीसेक वर्षं काम करत होता. गुलामगिरीच्या बाजूनं अर्ज लिहिणं, मंत्र्यांना भेटणं, आकडे पुरवणं, हा त्याचा रोजचा उद्योग. वसाहतीतल्या गोऱ्यांवर कर लादू नये म्हणून झगडणारा एक भाऊ आणि वसाहतीतल्या काळ्यांना मोकळं करू नये म्हणून झगडणारा दुसरा, दोघंही एकाच ताटात जेवलेले. आणि रोझच्याही उत्पन्नात तीच साखर होती.

१७७७ मध्ये रोझकाका गेला आणि ब्रायटलिंगची रोझ हिल इस्टेट, जमैकाच्या मळ्यांसकट, विसाव्या वर्षी जॅकच्या हाती आली. तेविसाव्या वर्षी तो साउदॅम्प्टनचा खासदार झाला, १७८० ते ८४. नंतर बराच काळ संसदेबाहेर राहून १८०१ पासून १८१२ पर्यंत खुद्द ससेक्स परगण्याचा.

परगण्याचं खासदारपद म्हणजे त्या काळचा खरा मान. त्यासाठी उमेदवाराकडे वर्षाला सहाशे पौंड उत्पन्न देणारी जमीन असावी लागे, असा कायदाच होता. मतदार तो, ज्याच्या स्वतःच्या जमिनीचं वार्षिक मूल्य किमान चाळीस शिलिंग. मत उघड द्यायचं, मोठ्यानं नाव सांगून, मालकाचा कारभारी शेजारी उभा असताना. गुप्त मतदान इंग्लंडात आलं १८७२ मध्ये. शिवाय मतदारांच्या येण्याजाण्याचा, खाण्यापिण्याचा खर्च उमेदवाराच्या गळ्यात. साखरेचा आणि निवडणुकीचा संबंध मराठी वाचकाला मी काय समजावून सांगू!

याच सभागृहात १८०६ मध्ये ससेक्समधल्याच राय गावातून एक नवा खासदार आला, ऑर्थर वेलस्ली. तीन वर्षांपूर्वी असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर विजय मिळवून आलेला. पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. भारतातून परतल्यावर त्याची नेमणूक काही काळ हेस्टिंग्जच्या लष्करी तळावर होती. भाच्याच्या घराजवळच्या रस्त्यांवरून हा माणूस घोड्यावर फिरला असेल, हे कळल्यावर मला त्या शहराविषयी आधी वाटत होतं तेवढं परकेपण राहिलं नाही. ही काही आनंदाची ओळख नव्हे, पण ओळख आहे.

पंतप्रधान धाकट्या पिटनं फुलरला उमरावपद देऊ केलं, तेव्हा तो म्हणाला म्हणे, “जॅक फुलर म्हणून जन्मलो, जॅक फुलर म्हणूनच मरेन.” हे त्याच्या चाहत्यांचं आवडतं वाक्य. आणि त्याची संसदीय कीर्ती टिकून आहे ती २७ फेब्रुवारी १८१० च्या रात्रीवर. आदल्या वर्षी नेपोलियनविरुद्ध चाळीस हजारांची ब्रिटिश फौज हॉलंडच्या वाल्खरेन बेटावर उतरली होती. लढाईत शंभरेक सैनिक गेले, आणि दलदलीतल्या तापानं सुमारे चार हजार. त्या फजितीची चौकशी सभागृहात चालू होती. फुलर आला तो भरपूर पिऊन. मध्येच प्रश्न विचारू लागला, कुणी दाद देईना, तेव्हा शिव्या घातल्या. सभापतींना पाचारण झालं. सभापती चार्ल्स अ‍ॅबट अंगानं किरकोळ. फुलरनं त्यांना ‘टोपातला तो क्षुद्र माणूस’ म्हटलं. मग सभागृहाचा बंदोबस्त बघणारा सार्जंट आणि त्याच्या माणसांनी मिळून हा दीड क्विंटलचा ऐवज बाहेर ओढला. पुढे माफी मागून, जाहीर कानउघाडणी ऐकून तो सुटला.

हे वाचताना हसू येतं. मीही हसले. चार हजार माणसं तापानं मेली त्याचा जाब विचारणाऱ्या चौकशीत हे घडलं, हे हसून झाल्यावर लक्षात आलं. जॅकच्या प्रत्येक गोष्टीत हे असंच होतं. हसण्यासारखं इतकं काही असतं की त्यामागचं बघायचं राहून जातं.

संसदेत तो गुलामांच्या व्यापाराच्या बाजूनं बोलला ते काही दारूच्या भरात नव्हे. वेस्ट इंडीजमधले गुलाम इंग्लंडातल्या कित्येक गरिबांपेक्षा सुखात राहतात, असं त्याचं ठाम म्हणणं. हा युक्तिवाद चतुर अशासाठी की त्याचा अर्धा भाग, इंग्लंडातल्या गरिबांचे हाल, खरा होता. आणि त्या हालांना जबाबदार असलेले जमीनदार त्याच सभागृहात बाकांवर बसले होते. १८०७ च्या मार्चमध्ये व्यापारबंदीचा कायदा तरीही झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत फुलर पुन्हा निवडून आला. ससेक्सच्या शेतकऱ्याला धान्याचा भाव कळत होता, जमैका दिसत नव्हती.

आणखी एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८१२ मध्ये फुलर संसदेतून बाहेर पडला. त्याच वर्षी गुलामीविरुद्ध आयुष्य घालवलेला विल्यम विल्बरफोर्स यॉर्कशरची मोठी जागा सोडून एका लहानशा मतदारसंघातून निवडून आला. तो मतदारसंघ ससेक्समधला, ब्रँबर. मूठभर मतदारांचं, धनिकाच्या खिशातलं गाव. १८३२ च्या संसदीय सुधारणेत ते मतदारसंघ म्हणून रद्दच झालं. म्हणजे मुक्तीची बाजू मांडणारा माणूस खिशातल्या गावाच्या जोरावर, आणि साखळदंडांची बाजू घेणारा शेकडो शेतकऱ्यांच्या खुल्या मतांवर. कुणाच्या बाजूनं टाळी वाजवायची ते सांगा.

संसद सुटल्यावर फुलरनं बांधकामाचा सपाटा लावला. पिरॅमिड तर त्यानं मरणाआधी वीसेक वर्षं बांधून ठेवलाच होता. पाद्रीबुवांनी परवानगी द्यावी म्हणून चर्चसमोरची दारूची खाणावळ उचलून दूर नेली, असं सांगतात. शिवाय टेकडीवर सुईसारखा उंच स्तंभ, झाडीत गोल मंदिर, वेधशाळा, एक बुरूज. काहींचे आराखडे रॉबर्ट स्मर्कचे, ज्यानं नंतर ब्रिटिश म्युझियमची नवी इमारत रचली. टर्नरसारख्या चित्रकाराला बोलावून त्यानं आपल्या मुलखाची चित्रं काढून घेतली. बेकारांना काम मिळावं म्हणून इस्टेटीभोवती लांबच लांब दगडी भिंत घातली.

यातलं मला सर्वांत विलक्षण वाटलं ते शुगर लोफ. डॅलिंग्टनच्या बाजूला, शेतात, पस्तीस फुटांचा एक शंकू. कथा अशी की, माझ्या घरातून डॅलिंग्टन चर्चचा कळस दिसतो, अशी जॅकनं लंडनमध्ये पैज मारली. घरी येऊन बघतो तर मध्ये टेकडी. मग घाईघाईनं दगडमातीचा एक खोटा कळस उभारला, घरातून दिसेल असा. नाव पडलं आकारावरून. साखर तेव्हा कारखान्यातून अशा शंकूंच्या रूपात येई, आपल्याकडे गुळाची ढेप येते तशी, आणि घरोघर चिमट्यानं फोडून वापरत. विसाव्या शतकातही या कळसात माणसं बिऱ्हाड करून राहत होती.

तिथं कुंपणाशी उभी राहून मी बराच वेळ बघत होते. आजूबाजूला मेंढ्या. पैजेची गोष्ट कितपत खरी कोण जाणे. कोंबडीच्या गोष्टीचं काय झालं ते आपण पाहिलंच. पण साखरेच्या पैशावर जगलेल्या माणसानं आपल्या खिडकीतून बघण्यासाठी साखरेच्या आकाराचं एक खोटं बांधावं आणि त्याचं गावाला कौतुक वाटावं, हे मला कुठल्याही कादंबरीकारानं लिहिलेलं पटलं नसतं.

पण त्याच्या देण्यालाही खोटं म्हणता येत नाही. १८२२ मध्ये ईस्टबोर्नला पहिली जीवरक्षक नौका त्यानं दिली. बीची हेडच्या कड्याजवळ जहाजं आपटत होती, तिथं लाकडी दीपगृह उभं राहण्यात त्याचा हात होता. बोडियमचा चौदाव्या शतकातला किल्ला दगडांसाठी पाडला जाणार होता. १८२९ मध्ये फुलरनं तो सुमारे तीन हजार पौंडांना विकत घेऊन वाचवला. पुढे, पहिल्या महायुद्धाच्या काळात, तो किल्ला घेतला लॉर्ड कर्झननं. आपल्याकडे बंगालच्या फाळणीसाठी शिव्या खाल्लेला आणि १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा करून गेलेला तोच. कर्झननं मृत्युपत्रानं तो जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टला दिला. आज पोरं खंदकातल्या माशांना पाव घालतात तिथं.

आणि फॅरेडे. लंडनच्या आल्बमार्ल स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फुलर नेमानं व्याख्यानांना जाई आणि नेमानं झोपे, अशी ख्याती आहे. संस्थेची तिजोरी कायम खडखडाट. फुलरनं एकंदर दहा हजार पौंड दिले. १८३३ मध्ये त्यातून रसायनशास्त्राचं अध्यासन निघालं आणि पहिला प्राध्यापक मायकेल फॅरेडे. वर्षाला शंभर पौंड, तहहयात, व्याख्यानं देण्याची सक्ती नाही. शरीरक्रियाशास्त्राचं दुसरं अध्यासन मिळालं ते पुढे समानार्थी शब्दांचा ‘थिसॉरस’ रचणाऱ्या पीटर मार्क रॉजेटला.

शिक्षकी पेशातल्या माणसाला त्या ‘सक्ती नाही’ची किंमत कळते. फॅरेडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. कोळसा आणि सांडशी ब्रीदावर मिरवणाऱ्या घराण्यानं अखेर एका खऱ्या लोहाराच्या पोराला निर्धास्त बसून विचार करायला जागा दिली. मला हे सुंदर वाटतं. आणि ते वाटत असतानाच जमैकातल्या उसाच्या फडात कापणीला उभं केलेल्या माणसाचा विचार येतो, ज्याच्या पोराला कुठल्याही दुकानात उमेदवारी करायची मुभा नव्हती. या दोन गोष्टी मी एकमेकींतून वजा करून पाहिल्या. होत नाहीत. वजाबाकीला एकक सारखं लागतं, हे मीच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले.

ब्रायटलिंगच्या चर्चमध्ये फुलरचा अर्धपुतळा आहे. खाली लॅटिन ओळ: जे सचोटीचं नाही ते उपयोगाचं नाही. बाहेर पिरॅमिडमध्ये ग्रेचं ते कडवं. ग्रेची कविता मी नंतर पुन्हा वाचली. ती सबंध कविताच मुळी खेड्यातल्या दफनभूमीत झोपलेल्या सामान्य माणसांविषयी आहे; नांगर धरणारे, लाकूडतोडे, ज्यांना अक्षर शिकायला मिळालं नाही, ज्यांचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. फुलरनं त्यातलं बड्यांविषयीचं तेवढं कडवं उचललं. पंचवीस फुटी पिरॅमिडमध्ये बसून नम्रतेचं कडवं कोरून घ्यायचं, याला मात्र मी वेडेपणा म्हणणार नाही. हा माणूस पूर्ण शुद्धीवर होता.

गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा १८३३ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १८३४ ला लागू झाला. फुलर ११ एप्रिललाच लंडनमध्ये वारला होता. त्या कायद्यानं मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई ठरवली. गुलामांना काही नाही. उलट ‘उमेदवार’, म्हणजे शिकाऊ कामगार, असं नाव देऊन बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर राबवलं. सरकारनं भरपाईसाठी कर्ज काढलं. ते पुढच्या कर्जांत मिसळत, फिरत राहिलं आणि पूर्ण फिटलं २०१५ मध्ये. ब्रिटिश अर्थखात्यानं २०१८ साली ही माहिती अभिमानानं समाजमाध्यमावर टाकली होती, लोक चिडल्यावर काढून टाकली.

परतताना गाडीत मी हे भाच्याला सांगितलं. तो तिथं दहा-पंधरा वर्षं नोकरी करतोय, पगारातून कर आपोआप कापला जातो.

“म्हणजे मावशी, त्या मळेवाल्यांच्या भरपाईत माझेही पैसे गेले?”

“गेले असणार. थोडे.”

पुढचा सिग्नल येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “आणि व्हिसा वाढवून घेताना मला विचारत होते, इथल्या इतिहासाशी तुमचा संबंध काय!”